खारीचं शंट ऑपरेशन: कुत्र्याच्या डोक्यात पाणी झालं असेल तर हे करावं का

रेटिंग आधीच देते, 5 पैकी 4. एक स्टार कापलाय तो ऑपरेशन दुसऱ्यांदा करावं लागलं म्हणून, त्यात डॉक्टरांची काही चूक नव्हती, शंट या प्रकारातच ती शक्यता असते आणि ती आधी माहीत असलेली बरी म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाहीये. पुण्यातलं एक प्रायव्हेट हॉस्पिटल आहे, पण हा रिव्ह्यू त्या बिल्डिंगचा नाहीये, व्हीपी शंट या ऑपरेशनचा आहे, म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी नळीने पोटात सोडायचं ऑपरेशन. आम्ही रात्र रात्र जागून शोधत होतो तेव्हा मराठीत यावर वाचण्यासारखं काही मिळालं नाही, जे मिळालं ते सगळं इंग्रजीत आणि निम्मं डोक्यावरून जाणारं, सो ज्यांच्या घरी आत्ता असं पिल्लू आहे त्यांच्यासाठी लिहिते.

खारी म्हणजे आमची टॉय पॉम, म्हणजे छोटी पोमेरेनियन कुत्री, खारी बिस्किटाच्या रंगाची. विकणाऱ्याने "ऍपल हेड आहे मॅडम, प्रीमियम पीस" असं सांगून दिली होती. डोकं खरंच गोल घुमटासारखं आणि डोळे मोठे, जो बघेल तो किती क्यूट किती क्यूट करायचा. पण ती इतर पिल्लांसारखी नव्हती. कितीही शिकवलं तरी शी-शूची जागा कळायची नाही, हाक मारली की नुसतीच बघायची, खेळता खेळता डावीकडे गोल गोल फिरत बसायची आणि थांबायचीच नाही, आणि डोळे दोन्ही खाली आणि बाहेरच्या बाजूला वळलेले, वरचा पांढरा भाग दिसायचा. आम्हाला वाटायचं लहान आहे, शिकेल. पहिल्यांदा खटकलं ते सासूबाईंना. त्यांनी आयुष्यभर घरातल्या, शेजारपाजारच्या बाळांना तेल लावून न्हाऊ घातलंय, त्यांचा हात सहज तिच्या डोक्यावरून फिरला आणि त्या म्हणाल्या, अगं हिची टाळू भरलेली नाहीये, आणि फुगलीय बघ. खरंच मध्ये हाड नसलेली एक जागा होती आणि ती आतून ताणलेली लागत होती.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण यावरून लोक उगाच घाबरतात. चिवावा, पॉम, यॉर्की, माल्टीज या छोट्या जातींमध्ये टाळू उघडी राहणं हे तसं कॉमन आहे, तेवढ्यावरून डोक्यात पाणी आहे असं होत नाही. आणि उलटंही खरं आहे, स्कॅनमध्ये मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या म्हणजे लगेच आजार असं नाही, कित्येक छोटी कुत्री मोठ्या पोकळ्या घेऊन आयुष्यभर मजेत जगतात, त्यांना काही त्रास नसतो आणि त्यांना ऑपरेशनची गरजही नसते. लक्षणं आणि स्कॅन दोन्ही जुळायला पाहिजेत. लक्षणं म्हणजे गोल फिरणं, कोपऱ्यात किंवा भिंतीला डोकं टेकवून उभं राहणं, आकडी येणं, कमी दिसणं आणि वस्तूंवर आपटणं, चालताना झोकांड्या, खूप झोपणं, शिकायला फारच वेळ लागणं. खारीला यातलं बरंच होतं, आकड्या नंतर सुरू झाल्या.

पहिल्यांदा ज्यांना दाखवलं (नाव लिहीत नाही) त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, छोट्या जातीत असं असतंच, कॅल्शियम द्या म्हणाले. आकडी आल्यावर स्टिरॉइड दिलं आणि ते चालूच ठेवलं, पुढे काय करायचं, कुठे पाठवायचं, स्कॅन करायचा का, एक शब्द नाही. याचा मला अजून राग येतो. स्टिरॉइड चुकीचं होतं असं नाही, प्रेडनिसोलोन हेच या आजारातलं पहिलं औषध आहे, त्याने पाणी तयार होणं थोडं कमी होतं आणि खारी पहिल्या आठवड्यात एकदम फ्रेश झालीही होती. पण ते दुरुस्ती करत नाही, वेळ मिळवून देतं, आणि तो वेळ पुढची तपासणी करायला वापरायचा असतो. आमच्याकडे तो असाच गेला, आणि तिला भूक तहान भयंकर वाढली, पोट सुटलं, घरभर शू. बऱ्याच जणांना ऍसिडिटीची ओमेप्राझोल पण पाणी कमी करायला म्हणून लिहून देतात, पण निरोगी बीगल कुत्र्यांना रोज तोंडाने देऊन तपासलं तेव्हा पाणी तयार होण्यात फरक पडलेला दिसला नाही. स्टिरॉइडसोबत पोटाला त्रास नको म्हणून देत असतील तर वेगळी गोष्ट, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

आजार नेमका काय आहे ते पुण्यातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्यात सीएसएफ नावाचं पाणी सतत तयार होत असतं, कुत्र्यात साधारण ताशी 3 मिलीच्या आसपास, आणि ते एका पोकळीतून दुसरीत, मग एका बारीक बोगद्यातून मागच्या पोकळीत, तिथून मेंदूच्या बाहेर येऊन रक्तात शोषलं जातं. वाटेत कुठे अरुंद झालं, बंद झालं किंवा शोषण नीट झालं नाही की पाणी तुंबतं. गच्चीवरच्या टाकीत मोटर चालूच आहे आणि खालचा पाईप तुंबलाय अशी अवस्था. फरक एवढाच की इथे टाकीची भिंत म्हणजे मेंदू आहे, आणि तो आतून दाबला जाऊन पातळ पातळ होत जातो. म्हणून लवकर हालचाल करायची. पाणी नंतर काढता येतं पण गेलेला मेंदू परत आणता येत नाही, हे त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं.

टाळू उघडी असल्याचा फायदा एकच, तिथूनच सोनोग्राफी होते, भूल लागत नाही, स्वस्तात अंदाज येतो. खारीची झाली आणि दोन्ही बाजूच्या पोकळ्या मोठ्या काळ्या दिसल्या. पण ऑपरेशन करायचं तर एमआरआय हवाच, कारण पाणी का तुंबलंय, मागे काही गाठ किंवा सूज आहे का, लहान जातींत असते तशी कवटीच्या मागच्या भागाची अडचण आहे का, हे सोनोग्राफीत कळत नाही. एमआरआयमध्ये नुसतं पोकळी किती मोठी एवढंच बघत नाहीत. पोकळीच्या कडेने मेंदूत पाणी मुरलंय का, मधला भाग चेपलाय का, पोकळीची रुंदी मेंदूच्या रुंदीच्या तुलनेत किती, हे सगळं बघतात. तो रेशो 0.6 च्या वर असेल तर खरा त्रास असण्याची शक्यता जास्त धरतात. खारीचा वर होता, आणि कडेने पाणी मुरलेलंही होतं. रिपोर्ट हातात घेऊन नवरा पार्किंगमध्येच बसून राहिला होता, मला बोलवतही नव्हतं.

मग शंट. आता याबद्दल जरा मन लावून लिहिते कारण ही वस्तूच मला फार थोर वाटते. तीन भाग असतात, मेंदूच्या पोकळीत जाणारी सिलिकॉनची बारीक नळी, मध्ये एक व्हॉल्व्ह, आणि तिथून कातडीखालून मान, पाठीचा बाजूचा भाग असं करत पोटात जाणारी लांब नळी. डोक्यातलं प्रेशर ठराविक मर्यादेवर गेलं की व्हॉल्व्ह उघडतो, पाणी पोटात उतरतं आणि तिथे शरीर ते शोषून घेतं. उलट दिशेला काही जात नाही. बॅटरी नाही, वायर नाही, बाहेरून काही दिसत नाही. कुत्र्यांसाठी म्हणून वेगळा शंट सहसा बनत नाही, लहान बाळांना बसवतात तोच वापरतात.

आणि याचा इतिहास वाचला तेव्हा मला भरून आलं. मेंदूतलं पाणी कुठे बनतं आणि कुठून वाहतं हे माणसाला कळलं तेच मुळी कुत्र्यांमुळे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वॉल्टर डँडी आणि केनेथ ब्लॅकफन यांनी 1913-14 च्या सुमारास कुत्र्यांच्या मेंदूतला तो बारीक बोगदा बंद करून दाखवलं की आतल्या पोकळ्या फुगतात. ती कुत्री त्यासाठी गेली. पुढे 1956 मध्ये फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाचा एक यंत्रांवर काम करणारा बाप होता, त्याच्या बाळाच्या डोक्यात पाणी झालेलं, त्याने सर्जन युजीन स्पिट्झ यांच्यासोबत सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला आणि जगभरातल्या हजारो मुलांना तो मिळाला. आणि आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला छाब्रा शंट बनतो, तो परदेशी शंटच्या तुलनेत अगदीच स्वस्त. 2005 मध्ये बेंजामिन वॉर्फ या डॉक्टरांनी युगांडातल्या 195 मुलांवर हा छाब्रा आणि महागडा अमेरिकन कॉडमन असे दोन्ही वापरून वर्षभर बघितलं, एकाची किंमत 35 डॉलर आणि दुसऱ्याची 650, आणि वर्षाच्या शेवटी दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे माणसांच्या मुलांचं आहे, कुत्र्यांचं नाही, पण स्वस्त शंट म्हणजे हलका शंट ही भीती माझ्या मनातून यानेच गेली. खारीला भारतीय बनावटीचाच बसवलाय. कुत्र्यांकडून माणसाच्या बाळांकडे गेलेली गोष्ट फिरून कुत्र्यांकडे आली, आमच्या दोन किलोच्याही आतल्या पिल्लापर्यंत आली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

व्हॉल्व्हचं प्रेशर मात्र नीट विचारून घ्या. लो, मीडियम, हाय असे प्रकार येतात. फार सहज उघडणारा घातला आणि पाणी झपकन उतरलं तर पातळ झालेला मेंदू आतून कोसळतो आणि कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्तस्राव होऊ शकतो. फार घट्ट घातला तर उपयोग नाही. बाळ उभं राहायला लागलं की त्याच्या नळीत पाणी वजनाने खाली ओढलं जातं, कुत्र्याची पाठ आडवी असते त्यामुळे ती ओढ कमी असते, हाही विचार डॉक्टर करतात. बाहेरून लोहचुंबकाने सेटिंग बदलता येणारे महागडे व्हॉल्व्ह पण असतात, चांगले असतात, पण एमआरआयच्या चुंबकाने त्यातल्या काहींचं सेटिंग बदलू शकतं म्हणून नंतर चेक करावं लागतं. आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

निर्णय घ्यायला आम्ही बराच वेळ घेतला. घरात दोन मतं होती. दीर म्हणाले एवढ्याशा जिवाला कशाला चिरताय, आहे तोवर सांभाळा. सासूबाई म्हणाल्या, लेकरू असतं तर विचारलं असतं का? डॉक्टरांनी आकडे दाखवले, 2013 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, 30 कुत्री आणि 6 मांजरं, सगळ्यांना शंट बसवलेला. साधारण 72 टक्क्यांमध्ये लक्षणं सुधारली, 36 पैकी 8 जणांना शंटमुळे काही ना काही गुंतागुंत झाली, आणि बरेचसे मृत्यू आणि गुंतागुंती पहिल्या 3 महिन्यांतच झाल्या. गेलेलेही बरेच आहेत त्यात, हे त्यांनी लपवलं नाही. मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात आवडली, ऑपरेशन विकायचा प्रयत्न अजिबात केला नाही. नळी तुंबू शकते, वाकू शकते, सुटू शकते, इन्फेक्शन होऊ शकतं, आकड्या पूर्ण थांबतीलच असं नाही, एक एक सगळं सांगितलं आणि म्हणाले दुसऱ्या ऑपरेशनचे पैसे बाजूला असतील तरच पहिलं करा. हे वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते.

सर्जन निवडताना आम्ही काय विचारलं ते सांगते. याआधी शंट किती बसवलेत, त्यातली किती कुत्री वर्षानंतर बरी आहेत, रात्री-बेरात्री बिघडलं तर कोण बघणार, आणि रिव्हिजन, म्हणजे शंट बिघडला तर दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन, तुम्हीच करणार की दुसरीकडे पाठवणार. एका ठिकाणी या शेवटच्या प्रश्नावर गडबडून "तसं सहसा होत नाही हो" असं उत्तर मिळालं, तिथून आम्ही उठलो. मेंदूची ऑपरेशनं करणारे व्हेट आपल्याकडे अजून कमी आहेत, मोठ्या शहरांत जावं लागतंच. आम्ही सातारा जिल्ह्यातले, शिरवळला सरकारी व्हेटर्नरी कॉलेज आहे, मुंबईत परळला तर 1886 पासूनचं जुनं कॉलेज आहे, अशा ठिकाणी निदान दुसरं मत आणि योग्य रेफरन्स मागायला लाजू नका, प्रायव्हेटवाल्यांनाही याचा राग येत नाही, आला तर ते डॉक्टर तुमच्यासाठी नाहीत असं समजा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी उपाशीपोटी नेलं. डोक्याच्या मागचा भाग, मान आणि एक पूर्ण बाजू पोटापर्यंत भादरली, ते पांढरं गुलाबी अंग बघून कसंतरीच झालं. कवटीला बारीक भोक पाडून नळी पोकळीत सरकवतात, पहिल्यांदा येणारं पाणी तपासायला पाठवतात कारण आत इन्फेक्शन असेल तर शंट बसवत नाहीत, मग कातडीखालून बोगदा करत करत नळी शेवटच्या बरगडीच्या मागून पोटात सोडतात. पोटात मुद्दाम जास्तीची लांबी ठेवतात, पिल्लू वाढलं तर नळी ताणली जाऊ नये म्हणून. नंतर एक्स-रे काढतात, नळीवर एक्स-रेत उठून दिसणारी रेघ असते, आम्हाला दाखवला, डोक्यापासून पोटापर्यंत एक पांढरी बारीक रेषा. भूल उतरायला वेळ लागला, एवढ्या लहान जिवाचं अंग गार पडतं, साखर उतरते म्हणून त्यांनी हीटिंग पॅडवर ठेवून तासातासाला साखर बघितली. आयसीयूतल्या सिस्टर आणि वॉर्डबॉय दोघांनाही मनापासून धन्यवाद, रात्री फोन केला तरी वैतागले नाहीत, व्हिडीओ पाठवला.

खर्च विचारतात सगळे म्हणून सांगते, एमआरआय आणि भूल धरून 20 हजारांच्या आसपास गेले, ऑपरेशन, शंट, आयसीयू मिळून लाखाच्या थोडं अलीकडे, औषधं वेगळी, रिव्हिजनला साधारण निम्मे. शंट स्वतः यात काही हजारांचाच असतो, पैसे जातात ते सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आयसीयूचे. हे आमचे आकडे, तुमच्याकडे वेगळे असतील, लेखी एस्टिमेट मागा. इन्शुरन्स होता पण त्यात जन्मजात आजार वगळलेले होते, पिल्लू घेतल्या घेतल्या पॉलिसी काढणाऱ्यांनी हा कॉलम वाचून घ्यावा.

पहिले काही आठवडे अक्षरशः दुसरं पिल्लू घरी आल्यासारखं होतं. गोल फिरणं जवळजवळ थांबलं, हाक मारली की मान वळवून यायची, आणि एक दिवस स्वतःहून बाल्कनीतल्या पेपरवर जाऊन शू केली तर सासूबाईंनी साखर वाटली घरात. टाळू मऊ झाली होती, आधीसारखी ताणलेली नाही. लेव्हेटिरासिटामचं सिरप दर आठ तासांनी द्यायचं होतं, ते मोबाईलवर अलार्म लावून दोघांनी वाटून घेतलं, यात एकही डोस चुकवू नका, आकडीचं औषध अचानक बंद करणं फार धोक्याचं असतं.

आणि मग दोनेक महिन्यांनी परत बिघडलं. जेवण सोडलं, उलटी, दिवसभर झोप, संध्याकाळी भिंतीला डोकं लावून उभी, टाळूवर हात ठेवला तर फुगलेली. डॉक्टरांनी हे सगळं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही सकाळची वाट न बघता तशीच गाडी काढली. पोटातल्या टोकाला आतड्यांवरच्या पडद्याचं आवरण गुंडाळून नळी बंद झाली होती. डोक्याला हात लावावा लागला नाही, पोटाकडचा भाग मोकळा करून बदलला. त्या रात्री मी देवापुढे बसून होते आणि नवरा हॉस्पिटलच्या बाकावर. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. तेव्हापासून नळी चालू आहे.

आता कशी आहे तर छान आहे, पण "नॉर्मल" कुत्र्यासारखी आहे असं मी म्हणणार नाही. डोळे अजून खाली बाहेरच आहेत, तो कवटीच्या आकाराचाही भाग आहे, ते बदलणार नाही असं आधीच सांगितलं होतं. नवीन गोष्ट शिकायला वेळ लागतो. आकडीचं औषध कमी झालंय, बंद नाही. स्टिरॉइड मात्र हळूहळू कमी करत पूर्ण सुटलं, याचा आनंद फार मोठा आहे, पोट उतरलं, केस परत आले. वर्षाने परत स्कॅन केला त्यात पोकळ्या लहान झालेल्या आणि मेंदूची कड आधीपेक्षा जाड दिसली. ती दाराशी येऊन वाट बघते, भाकरी भाजायचा वास आला की ओट्याखाली हजर, शेजारच्या मांजरावर भुंकते. हे सगळं ती आधी करत नव्हती.

कुणी करू नये? ज्याला लक्षणंच नाहीत, फक्त स्कॅनमध्ये पोकळी मोठी आहे, त्याने घाई करू नये, लक्ष ठेवावं. अंगात कुठेही इन्फेक्शन चालू असेल, कातडीला खरूज वगैरे असेल तर ते आधी बरं करायचं. मेंदू इतका पातळ झालाय की कुत्रं काहीच प्रतिसाद देत नाही, गिळत नाही, अशा वेळी डॉक्टर स्वतःच नको म्हणतात आणि ते ऐकावं, तिथे जबरदस्तीने शंट बसवून त्या जिवाला काही मिळत नाही. आणि ज्यांना पहिले तीन महिने घरी कुणी थांबणं शक्य नाही त्यांनीही नीट विचार करावा, कारण बिघडलं तर तासांचा प्रश्न असतो.

विकणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन, घुमटासारखं डोकं आणि उघडी टाळू याला प्रीमियम म्हणून जास्त पैसे घेणं बंद झालं पाहिजे. घेणाऱ्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवावा, आई-बाप बघायला मागावेत, आणि तळहातावर मावणारं टीकप पिल्लूच हवं हा हट्ट सोडावा. असं निदान झालेल्या कुत्र्याची पैदास अजिबात करू नये, खारीची नसबंदी आम्ही केली.

त्यावरूनच आठवलं, ज्यांनी शंट बसवलाय त्यांच्यासाठी. नसबंदी किंवा पोटाचं कुठलंही ऑपरेशन असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना नळीचा एक्स-रे आधी दाखवा, कुठल्या बाजूने गेलीय ते त्यांना माहीत हवं, आणि भूल देणाऱ्यांनाही सांगा. गळ्यात पट्टा कधीच नाही, छातीचा हार्नेस वापरा, तोही नळीवर घासत नाही ना बघा. ग्रूमिंगवाल्याला डोकं, मान आणि ती बाजू ट्रिमर लावू देऊ नका. व्हॉल्व्ह कातडीखाली गोटीसारखा लागतो, तो घरी दाबून "पंप" करत बसू नका, ते डॉक्टरांचं काम. कातडी तिथे लाल किंवा पातळ दिसली, नळीच्या रेषेवर कुठे पाण्याची सूज आली, ताप आला, तर लगेच दाखवा. टाळू उघडी असेल तर रोज सकाळी हलकेच हात लावून बघायची सवय करा, फुगलेली लागली तर नळी तुंबली असू शकते, फार खोल गेलेली लागली तर जास्त पाणी उतरतंय, दोन्हीला फोन करायचा. आणि शंटचा बॉक्सवरचा स्टिकर, कंपनी, प्रेशर आणि तारीख लिहिलेला, डिस्चार्ज पेपरला चिकटवून फोटो काढून ठेवा, रिव्हिजनच्या रात्री आमच्याकडे सगळ्यात आधी तोच मागितला होता.